छंद आणि पोट

गणेशोत्सवात एखादा कारकून चार नाट्यपदे बरी म्हणतो, एखाद्या शिक्षिकेच्या दारची रांगोळी पाहण्यास शेजारपाजारची माणसे थांबतात, एखादा विद्यार्थी वहीच्या मागच्या पानावर गुरुजींचा चेहरा हुबेहूब उतरवतो. कौतुक होते, आणि कौतुकापाठोपाठ प्रश्न येतो : मग यातच काही का करीत नाही? पूर्वी हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जाई. हल्ली रांगोळीचे छायाचित्र मोबाइलवर पोहोचताच विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळच असतो. परंतु ज्या कौशल्यातून पैसा येत नाही ते वाया चालले आहे, असे एक गृहीत या प्रश्नात दडलेले असते. ते तपासून घेणे आवश्यक आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा छंद आकड्यांचा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आरंभीची शून्ये जमेस धरून उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी; फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या हाती येते आणि मग ती हलत नाही. ३५२४ घेतल्यास आधी ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या वजाबाकीला ६१७४. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव परदेशांत सर्वत्र झाले. तोवर इथल्या अनेक जाणकारांनी त्यांचे काम पोरखेळ मानले होते. अशा वजाबाक्यांना गिऱ्हाईक कोठून मिळणार? संशोधकाची जागा मागावी, तर पदव्युत्तर पदवी नव्हती. शाळेच्या पगारावर घर चालत होते, म्हणूनच कोणालाही नको असलेल्या प्रश्नांमागे वर्षानुवर्षे लागण्याची चैन त्यांना परवडली. नोकरी ही छंदाची वैरीणच असते असे नाही. पुष्कळदा ती त्याची पोशिंदी असते.

मराठी हौशी रंगभूमीचा अनुभवही याहून निराळा नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी बँकांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत दिवसभर राबून सायंकाळी तालमीला जमत आली. प्रयोग पडला तरी पहिल्या तारखेचा पगार चुकत नव्हता. म्हणून तिकीटबारीवर चालणार नाही असे नाटक करण्याची हिंमत त्यांना होती. व्यावसायिक नाट्यनिर्मात्याला हे धाडस सहजी करता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. त्याला नटांची रात्र, बस आणि नाट्यगृहाचे भाडे यांचा हिशेब चुकता करावयाचा असतो.

मोबदल्याचा स्पर्श झाला की आवडीचे काय होते, यासंबंधीचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्यात रमणारी बालवाडीतील मुले निवडली. काहींना चित्रांबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले, काहींना ते अचानक दिले, काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षिसासाठी चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. लहान मुलांवरून थोरांचे सारेच ठरत नाही, हे खरे. तथापि दिवाळीच्या फराळाची मागणी घेणाऱ्या गृहिणीस हे वेगळे सांगावे लागत नाही. घरच्यांसाठी केलेली चकली बिघडली तर ती हसण्यावारी जाते. पन्नास किलोची मागणी असताना भाजणी फसली तर रात्रीची झोप जाते. तिला त्या पैशाची निकड असेल तर तिने तो धंदा जरूर करावा. तो धंदा आहे, हे मात्र घरच्यांनी आणि गिऱ्हाइकांनीही ओळखावे, आणि 'तुम्हांला आवडतेच ना' असे म्हणून तिच्या श्रमांचा भाव पाडू नये.

छंदाचा व्यवसाय यशस्वी करणारे असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाचा व्यवसाय सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी पत्करली आणि मराठी नाटक त्यामुळे समृद्ध झाले. परंतु तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काढली होती. आपण काय सोडतो आहोत याची जाणीव असलेल्या प्रौढ माणसाचा तो निर्णय होता. अठरा वर्षांच्या मुलाला 'आवडेल तेच कर' असे सांगून मोकळा होणारा वडीलधारा त्याच्या खोलीचे भाडे भरण्यास थांबत नाही. उलट पंचेचाळिशीच्या कारकुनाला, आपली पेटी घरातच राहिली म्हणून आयुष्य चुकले असे वाटू लागते; रोज रात्री अर्धा तास वाजवलेल्या त्या पेटीने जे दिले, ते तो जमेला धरीनासा होतो. या सल्ल्याची खरी हानी ती हीच.

निवृत्तीनंतर कापरेकरांना निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले. तेव्हा त्यांनी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या, आणि उरलेल्या वेळात ते आकडे मांडीत राहिले.