राजीनाम्याआधीचा हिशेब

पुणे : इन्फोसिसमधून स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण जून २०२२च्या तिमाहीत २८.४ टक्के होते. मार्च २०२४पर्यंत ते १२.६ टक्क्यांवर आले. यावरून आयटी क्षेत्रातील असमाधान ओसरले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बाहेरची मागणी आटली. त्यात अनेक कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस, आणि नव्या ठिकाणी माणूस हवा असतो तातडीने.

ग्रॅच्युइटीचा मोह वेगळाच. मुदतबंद नियुक्तीवरील कर्मचाऱ्याला नोव्हेंबर २०२५पासून एक वर्षाची सेवा पुरते. कायम कर्मचाऱ्याला आजही सलग पाच वर्षे लागतात. चार वर्षे कुढत काढलेल्याने आणखी वर्षभर थांबावे काय? पाच वर्षांची ग्रॅच्युइटी तीन महिन्यांच्या वेतनाहूनही कमी भरते, तीही भत्ते बहुतांशी वगळून. तेवढ्यासाठी प्रकृती पणाला लावणे हा तोट्याचाच व्यवहार. मात्र घराचा हप्ता चालू असेल, तर नवे नियुक्तिपत्र हाती येण्याआधी राजीनामा देऊ नये.