वाटाण्याचे रोप आणि खिशातला कॅमेरा



वाटाण्याचे रोप वाढताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? वाढलेले रोप सर्वांनीच पाहिलेले असते. आज दोन पाने, चार दिवसांनी सहा. पण वाढण्याची क्रिया इतकी मंद असते की समोर दिवसभर बसून राहिलो तरी ती डोळ्यांना जाणवत नाही.

१९१२ साली मुंबईत एका गृहस्थांनी ही क्रिया लोकांना पडद्यावर दाखवली. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके. लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन बनावटीचा चित्रपटाचा कॅमेरा विकत आणला होता. त्यांनी एक वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि कित्येक दिवस थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखवताच अंकुर सरसर वर येताना दिसला. हा छोटा चित्रपट पाहून त्यांना भांडवल देणारा माणूस मिळाला. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

यातले विज्ञान साधे आहे. तो कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवीत. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत आणि तेवढ्याच वेगाने ती पडद्यावर दाखवीत. वेगाने एकामागून एक येणारी स्थिर चित्रे डोळा आणि मेंदू मिळून जोडून घेतात व आपल्याला हालचाल दिसते. फाळक्यांनी ओळखले ते एवढेच, की घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग सारखा असलाच पाहिजे असे नाही. सावकाश घ्या, भरभर दाखवा, काळ आक्रसतो. ही सोय कॅमेऱ्यात आधीपासूनच होती. तिचा उपयोग करून काय सांगायचे, हे मात्र फाळक्यांनी ठरवले.

आज तशी सोय असलेला कॅमेरा पुष्कळ घरांत खिशातून फिरतो. मोबाईलमुळे मुले बिघडली असे काही पालक म्हणतात. उलट, मुलांच्या हाती यंत्र दिले की ती आपोआप कल्पक होतात असे दुसरे काहीजण म्हणतात. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. यंत्र कसे चालते हे ज्याला कळले आहे आणि ज्याला स्वतःचे काही दाखवायचे आहे, त्याच्याच हाती ते कल्पकतेचे साधन बनते. बाकीच्यांच्या हाती ते दुसऱ्याची कल्पना पुन्हा पुन्हा दाखवणारे खेळणे असते.

हे म्हणणे पटण्यासाठी आमच्या गावातल्या एका यंत्राकडे पाहा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हिमरू कापडासाठी प्रसिद्ध आहे. उभे धागे सुती, आडवे रेशमी आणि अंगभर वेलबुट्टी. ही कला फार जुनी आहे. पुढे मागावर जकार्ड नावाची जोडणी आली. फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ मारी जकार्ड यांनी ती १८०४ च्या सुमारास तयार केली. तिच्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. पट्टीवर जेथे भोक असेल तेथला उभा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही तेथला खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो, माळ एक पट्टी पुढे सरकते आणि नक्षीची पुढची ओळ विणली जाते.

‘भोक आहे’ किंवा ‘भोक नाही’ या दोनच अक्षरांत सारी नक्षी लिहिलेली असते. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना घेतली. १८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे वापरली. पुढे कित्येक वर्षे संगणकांना अशाच कार्डांतून आज्ञा देत असत.

आता मला सांगा, हिमरूवरचा वेल कोणाचा? मागाने तो विणला हे खरे. पण कोणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून तो आधी रेखाटला होता. त्याशिवाय पट्ट्यांना भोके पडली नसती. तीच माळ पुन्हा लावली तर माग तोच वेल विणत राहील, वर्षानुवर्षे. नवा वेल हवा असेल तर नव्या पट्ट्या पाडाव्या लागतात.

मोबाईलवर तयार सजावटीचे जे नमुने मिळतात, ती दुसऱ्याने पाडलेल्या पट्ट्यांची माळच आहे. दोन ओळी लिहिताच चित्र काढून देणारे संगणकीय कार्यक्रम आता आले आहेत. असंख्य लोकांनी पूर्वी काढलेल्या चित्रांवरून ते घडवलेले असतात. त्यांचा उपयोग करू नये असे मी म्हणणार नाही. पण उपयोग केल्यावर एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: यातली कोणती रेघ मी ठरवली?

हा प्रश्न शिक्षकबंधू-भगिनींसाठीही आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ठिकठिकाणी प्रदर्शने भरतात. तेथे दुकानातून आणलेल्या झुळझुळीत प्रतिकृती आणि यंत्राकडून लिहून घेतलेले तक्ते मांडलेले दिसतात. शेजारीच एखाद्या मुलीने खोक्याला भोक पाडून स्वतः बनवलेला सूचिछिद्र कॅमेरा असतो. त्यातली प्रतिमा अंधूक असते, पण ती उलटी का पडते आणि भोक मोठे केल्यावर अस्पष्ट का होते, हे तिला नीट सांगता येते. बक्षीस बहुधा झुळझुळीत प्रतिकृतीला जाते. त्यातून मुले काय शिकतात? विकत घेतलेले स्वतः केलेल्यापेक्षा सरस, एवढेच. म्हणून माझी सूचना अशी: प्रदर्शनातले निम्मे गुण प्रयोगवहीला द्यावेत. काय करून पाहिले, काय फसले, कोणता बदल केला, हे तिच्यात विद्यार्थ्याच्या अक्षरात असावे.

“साधने नसतील तर काय करायचे?” असे तुम्ही विचाराल. जुन्या वहीच्या ५० पानांच्या कोपऱ्यात थोडे थोडे वेगळे चित्र काढा आणि अंगठ्याने पाने भराभर सोडा. चित्रपटाचे तत्त्व एवढ्यातही पुरेपूर आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडवला होता.

घरी मोबाईल असेल तर वडील मंडळींच्या परवानगीने हा प्रयोग करा. एका वाटीत ओल्या मातीत मटकी पेरा. अंधाऱ्या कोपऱ्यात डाव्या बाजूला एक छोटा दिवा सतत लावून ठेवा. मोबाईल रोज काही दिवस अडकवून ठेवणे जमणार नसेल, तर तो ठेवण्याची जागा खडूने आखून घ्या आणि प्रत्येक वेळी तेथेच ठेवून चित्र घ्या. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे १० दिवसांत ४८० चित्रे होतील. सेकंदाला २४ दाखवली तर चित्रपट २० सेकंदांचा होईल. रात्रीची चित्रे गाळली तर तो किती सेकंदांचा होईल आणि पाहताना काय फरक जाणवेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

रोपे दिव्याकडे झुकतील. मग दिवा उजवीकडे न्या. ती वळू लागतील. दिवा कधी हलवायचा, किती वेळा हलवायचा, हे सांगणारे बटण कोणत्याही मोबाईलवर नाही. ते तुम्ही ठरवायचे. त्या वीस सेकंदांवर कोणाचे नाव घालायचे, हे मग कोणाला विचारावे लागणार नाही.