व्हिजिट व्हिसावर नोकरी नसते

परदेशी नोकरीच्या नावाने होणारी फसवणूक पकडायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे व्हिसा. एजंटाचे ऑफिस, त्याचे गोड बोलणे, भिंतीवरचे फोटो यांवरून काहीच ठरत नाही. नोकरी लावतो म्हणणारा माणूस हातात व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा ठेवत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

यामागे कारण आहे. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसे भरणे हा गुन्हा आहे. ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असते (बहुतेक दहावी न झालेले), त्यांना आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा 18 देशांत नोकरीला जाण्यासाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या वेळी करार आणि पगार तपासला जातो, 10 लाखांचा अपघात विमा काढला जातो, मालकाची नोंद राहते. व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस कागदोपत्री पर्यटक असतो, त्यामुळे हे सगळे टळते. ‘तिकडे पोचल्यावर महिन्याभरात व्हिसा बदलून देतो’ हे एजंटाचे ठरलेले वाक्य. पुढे पासपोर्ट काढून घेतला जातो, मुदत संपते आणि दुबईसारख्या ठिकाणी दिवसाला 50 दिरहम दंड चढू लागतो. आता कायदा मोडणारा ठरतो तो कामगारच. पोलिसांकडे जायची त्याला भीती वाटते, आणि एजंटाला नेमके हेच हवे असते.

शिकलेली मुले यात अडकत नाहीत, हा समज सोडून द्यायला हवा. डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगच्या नोकरीसाठी बँकॉकला उतरवलेल्या तरुणांना माए सोतमार्गे नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला नेले गेले. तिथे कुंपणाआड डांबून त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन गंडवण्याचे काम करून घेतले जात होते. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीयांना परत आणले. दहावी झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर नोंद नसते. म्हणजे शिकलेल्यांना ही सरकारी चाळणी लागूच होत नाही. त्यांनी अधिक सावध असायला हवे.

एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येतो. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण खऱ्या एजन्सीचा क्रमांक खोट्या लेटरहेडवर छापणारे बरेच आहेत. म्हणून फोन पोर्टलवर दिलेल्या नंबरवरच करावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नंबरवर नव्हे. सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. लाख-दीड लाख मागून ते कुणाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवायला सांगणारा माणूस भामटा समजावा. सर्वांत अवघड असते ते गावातल्या ओळखीच्या सब-एजंटाला नाही म्हणणे. त्याच्या शब्दावर दागिने गहाण पडतात, पण बिगरनोंदणी सब-एजंटाला कायद्यात स्थान नाही. ‘आझाद व्हिसा’ही असाच. एकाच्या नावावर व्हिसा काढून दुसरीकडे राबणाऱ्याला पगार थकला तर दाद मागायला मालकच उरत नाही.

विनानोंदणी भरतीला उत्प्रवास कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंड फार तर 2,000 रुपये. एका कामगाराकडून लाख उकळणाऱ्याला या दंडाची काय भीती? म्हणून फसवणूक घडण्याआधीच रोखली पाहिजे. इथे परदेशातल्या मराठी मंडळांना मोठे काम आहे. ऑफर लेटरवरची कंपनी त्या पत्त्यावर आहे का, तिच्या एचआरने ते पत्र खरोखर दिले आहे का, हे रत्नागिरीत बसलेल्या कुटुंबाला कळणे कठीण असते. मस्कत किंवा दोहातल्या सभासदाला ते बहुतेक वेळा एका फेरीत किंवा दोन फोनमध्ये कळते. मंडळ गणेशोत्सवासाठी आहे, असल्या भानगडी नकोत, असा आक्षेप येईल. पण इथे कुणाला नोकरी लावायची नाही, कुणाची हमीही घ्यायची नाही. फक्त कागद पाहायचा आणि जे आढळले ते कळवायचे. आधीच अडकलेल्यांना भारतीय दूतावासापर्यंत पोचवणे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्यांची तक्रार भरून देणे हेही त्यातच येते. प्रत्येक मंडळाने यासाठी दोन स्वयंसेवक नेमावेत आणि त्यांचे नंबर गावाकडच्या माणसांपर्यंत पोचवावेत.