फ्रेझियरचं माप त्याच्या पदरात टाका

मुहम्मद अलीचा सर्वात तगडा प्रतिस्पर्धी कोण, असं विचारलं की आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : अमेरिकेचं सरकार. वाक्य झकास आहे, टाळ्या घेतं. ज्यांना बॉक्सिंगची थोडी माहिती आहे ते जॉर्ज फोरमनचं नाव घेतात. मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं उत्तर प्रश्नच बदलून टाकतं आणि दुसरं एका रात्रीच्या गोष्टीवर भाळलेलं आहे. दोन्हींत एका माणसावर अन्याय होतो, आणि तो अन्याय करण्यात अलीवर प्रेम करणारे आपण मुसलमान सर्वात पुढे आहोत.

सरकारची लढाई छोटी होती, असं मी म्हणत नाही. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनमध्ये अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, परवाने गेले, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला, पण पंचविशी ते अठ्ठाविशीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. जून 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. ही त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी लढाई होती, कबूल. पण तिचा हिशोब वेगळ्या वहीत मांडायचा असतो. रिंगणात समोर उभं राहून ज्यांनी त्याचे ठोसे खाल्ले आणि त्याला ठोसे दिले, त्यांच्याबद्दल प्रश्न असताना सरकारचं नाव सांगणं म्हणजे त्या माणसांना पुसून टाकणं.

आता फोरमन. ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासाच्या रिंगणात तो उतरला तेव्हा चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट असा त्याचा हिशोब होता. किंग्स्टनमध्ये त्याने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं. काराकासमध्ये केन नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. कागदावर पाहिलं तर फोरमन या दोघांचा बाप. आणि अलीने त्याला आठव्या फेरीत झोपवलं.

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. फोरमन फ्रेझियरपेक्षा भारी, म्हणून तो अलीलाही फ्रेझियरपेक्षा जड गेला असणार, असं गणित ते मांडतात. पण बॉक्सिंग तराजूवर चालत नाही. कुस्ती पाहणाऱ्या कुणालाही विचारा, एकाचा हुकमी डाव दुसऱ्यापुढे फुकट जातो. फोरमनचे ठोसे प्रचंड होते, पण लांबून आणि रुंद फिरून यायचे. अली दोरांना टेकला, हात वर धरून मार झेलत राहिला, मधूनमधून सरळ उजवा ठोसा मारत राहिला आणि फोरमनला दमू दिलं. कोडं अवघड होतं, पण अलीने ते एका रात्रीत सोडवलं. दोघांत दुसरी लढत झालीच नाही.

म्हणून माझ्या कसोट्या तीन. अली ऐन भरात असताना किंवा निदान भराच्या जवळ असताना लढत झाली होती का? प्रतिस्पर्ध्याने हे एकदाच केलं की पुन्हा पुन्हा? आणि जिंकल्यावरही अलीला किती किंमत मोजावी लागली? पहिल्या कसोटीवर लॅरी होम्स बाद होतो. 1980 मध्ये त्याने अलीला हरवलं तेव्हा अली अडतीस वर्षांचा होता आणि शरीराने संपलेला होता. सनी लिस्टनची दहशत मोठी, पण 1964 मध्ये मायामीत तो सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही आणि पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत आडवा झाला. दुसऱ्या कसोटीवर तो टिकत नाही.

खरे दावेदार उरतात दोन : नॉर्टन आणि फ्रेझियर. जाणकारांत नॉर्टनचे समर्थक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. तीन लढती, एकोणचाळीस फेऱ्या, आणि अली त्याला एकदाही खाली पाडू शकला नाही. मार्च 1973 मध्ये सॅन डिएगोला नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. दुसरी लढत अलीने जेमतेम जिंकली. तिसरी, 1976 ची, नॉर्टननेच जिंकली होती असं मानणारे आजही आहेत. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने अलीचा अभ्यास केला होता. अलीचं सर्वात मोठं हत्यार म्हणजे त्याचा डावा जॅब. फचने नॉर्टनला त्या जॅबला जॅबनेच उत्तर देत पुढे सरकायला शिकवलं.

तरी माझं मत फ्रेझियरला. सॅन डिएगोत अलीची तयारी कमी होती. तिसऱ्या लढतीतला अली चौतीस वर्षांचा होता, आणि मनिलातून परत आलेला अली होता. त्याला मनिलात कुणी पिळून काढलं होतं? नॉर्टनच्या खात्यातलं थोडं श्रेयही फ्रेझियरकडेच जातं.

फ्रेझियरचा हिशोब पाहा. 8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दोघेही अपराजित. अली एकोणतीस वर्षांचा. बुटका फ्रेझियर कमरेतून डुलत, जॅबच्या खालून आत शिरत राहिला. अली उजव्या हाताने खालून वर ठोसा मारतो तेव्हा त्याची उजवी बाजू उघडी पडते, हेही फचनेच हेरलेलं होतं. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला. तिन्ही मतं फ्रेझियरला मिळाली. 1974 ची दुसरी लढत अलीने गुणांवर जिंकली. मग 1 ऑक्टोबर 1975 ला मनिला. चौदा फेऱ्या. शेवटी फ्रेझियरचा उजवा डोळा सुजून बंद झाला, आणि डाव्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं. फचने पंधराव्या फेरीला त्याला उठू दिलं नाही. अली जिंकला, पण मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो असं त्यानेच नंतर सांगितलं. एक्केचाळीस फेऱ्यांत अलीला फ्रेझियरला एकदाही पाडता आलं नाही. तिन्ही कसोट्यांवर उतरणारा हा एकच माणूस आहे.

मग तो आपल्या गोष्टींत दिसतो कसा? गोऱ्यांचा पाळीव काळा म्हणून. ही ओळख त्याला अलीने दिली. अलीने त्याला अंकल टॉम म्हटलं, अडाणी म्हटलं. मनिलाच्या आधी पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे लगावले. वस्तुस्थिती अशी की फ्रेझियर साउथ कॅरोलिनातल्या, वाट्याने शेती करणाऱ्या गरीब घरातला, बारा भावंडांतला एक, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम केलेला. अलीचे वडील लुईव्हिलमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचे, घर त्या मानाने बरं. आणि अलीवर बंदी होती त्या काळात फ्रेझियरने त्याला पैशाची मदत केली, त्याचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. ज्या सरकारला आपण सर्वात तगडा प्रतिस्पर्धी म्हणतो, त्याच्याशी लढताना फ्रेझियर अलीच्या बाजूला उभा होता.

लढतीची तिकिटं खपवायला असं बोलावं लागतं, असा बचाव केला जातो. तिकिटं तर खपलीच. पण ते शब्द ऐकून फ्रेझियरच्या मुलांना शाळेत चिडवलं गेलं, त्याचं काय? सूरह अल-हुजुरातमध्ये कुणाची खिल्ली उडवायला आणि वाईट नावं ठेवायला स्पष्ट मनाई आहे. ही आयत आपण शेजाऱ्याला ऐकवतो, आणि आपल्या लाडक्या वीराची वेळ आली की विसरतो. बोलणारा मुसलमान आहे आणि ऐकणारा नाही, म्हणून हुकूम बदलत नाही. काळ्या माणसाला गोरिला म्हणणारा गोरा असता, तर आपण काय म्हटलं असतं?

2001 मध्ये अलीने जाहीरपणे मान्य केलं की आपण जे बोललो ते बोलायला नको होतं. 2011 मध्ये फ्रेझियर गेला तेव्हा आजारी, थरथरत्या शरीराने अली त्याच्या अंत्यविधीला हजर होता. ज्याच्या तोंडून ते शब्द निघाले त्याने ते मागे घेतले. आपण मात्र अजून ते कौतुकाने पसरवतो आहोत.

यावर कुणी म्हणेल, यामुळे अली लहान होतो. उलट आहे. प्रतिस्पर्धी बाहुलं असेल तर त्याला हरवणाऱ्याचं कौतुक कसलं? मनिलातला अली एवढा मोठा दिसतो, कारण समोर जवळजवळ आंधळा झालेला एक माणूस पंधराव्या फेरीसाठी उठू पाहत होता. अलीचं नाव घ्यायचं असेल तर त्याचंही नाव घ्या, आणि अदबीने घ्या.