खापर सोयाबीनवर, चूक मिठाच्या डब्यात



आमच्या लातूर-नांदेडकडं थायरॉईडची गोळी घेणारी बाई भेटली की पाठोपाठ एक वाक्य येतंच, "करडईचं तेल सोडलं, सोयाबीनचं धरलं, तिथंच बिघडलं." शेत सोयाबीनचं, आडत सोयाबीनची, मग आजारही सोयाबीनचाच! मी स्वतः अकरा वर्षं गोळी घेते, म्हणून लिहिते.

सोयाबीनमधल्या ज्या द्रव्यांचा बाऊ केला जातो ती तेलात उतरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती राहतात पेंडीत आणि पेंड जाते कोंबड्यांना. सोयाच्या वड्या किंवा दूध गोळीच्या जोडीनं पोटात गेलं तर गोळी नीट लागू पडत नाही, हे खरं. पण त्यानं आजार जडला असं होत नाही. आठ शहरांतल्या प्रौढांची मोठी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईड मंदावलेला आढळला आणि सर्वांत जास्त प्रमाण निघालं कोलकात्यात. तिथली फोडणी मोहरीच्या तेलाची!

कारण बहुतेकदा आपल्याच अंगात असतं. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथींचं वर्णन केलं. त्या पांढऱ्या पेशींनी गच्च भरल्या होत्या. शरीराचे राखणदारच ग्रंथीवर उलटतात, हे पुढं कळलं. हे आईकडून लेकीकडं येऊ शकतं, बायकांना जास्त गाठतं, कधी बाळंतपणानंतर सुरू होतं. ग्रंथीचं ऑपरेशन, लिथियमसारखी काही औषधं, हीही कारणं आहेत.

"आमच्या आजीला कुठं होतं?" असं विचारतात. आजीच्या रक्तातली टीएसएच, म्हणजे थायरॉईडची चाचणी, कुणी केली होती? सुजलेला चेहरा, बसलेला आवाज, चैत्रातही अंगावर चादर ओढणारी सून तेव्हा सरळ आळशी ठरायची.

माझी तक्रार वेगळीच आहे. नांदेडच्या माझ्या जाऊबाईंना गोळी सुरू झाली तशी त्यांनी मिठाची पुडी बंद केली आणि गुलाबी सैंधव आणलं. का, तर ते नैसर्गिक! अहो, थायरॉईडचा हार्मोन बनतोच आयोडीनपासून. मोठ्या माणसाला ते दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. आयोडीनयुक्त मीठ आपल्या हातात पडतं तेव्हा त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. सैंधवात ते नावापुरतंच. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे, तरी सैंधवाची पाकिटं दुकानात राजरोस दिसतात.

जाऊबाईंचं एक वेळ सोडा, त्यांची ग्रंथी थकलेलीच आहे, गोळी तिचं काम करते. पण त्याच डब्यातलं मीठ त्यांच्या सुनेच्या वरणात पडत होतं आणि सुनेला पाचवा महिना होता. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ याच हार्मोनवर चालते. आयोडीन कमी पडलं तर ते नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

मी भांडून पांढरी पुडी परत आणवली. सैंधव आता एकादशीपुरतंच, असं जाऊबाई म्हणतात. परवा गेले तर गुलाबी डबा गॅसच्या शेजारीच होता, आणि तिथी होती सप्तमी.

— एक वाचक, औसा रोड, लातूर