शर्यतीची गाडी आणि आपली पऱ्हाटी



अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरी दरवर्षी मे महिन्यात ५०० मैलांची मोटारींची शर्यत होते. ताशी साडेतीनशे किलोमीटरने सुटणाऱ्या या गाड्यांच्या टाकीत २००७ साली पेट्रोल नव्हे, इथेनॉल आले. २०२३ पासून त्यात जे इथेनॉल पडते ते ब्राझीलमधल्या उसाच्या चिपाडापासून काढलेले. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची २००७ सालची एक गाडी पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देई आणि ८५ टक्के इथेनॉलवर १०१८.

बोरीकाठच्या कोरडवाहू कास्तकाराला या श्रीमंती खेळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. शेतातला माल म्हणजे हलका, स्वस्त, गरिबाचा, हा समज या गाड्यांनी खोटा ठरवला. जगातल्या सर्वात महाग इंजिनांना शेतातले इंधन चालते, मग त्या शेताचा मालक कर्जात का, हा आमचा प्रश्न आहे.

आधी खरे काय ते समजून घेऊ. इथेनॉल जास्त दाब सोसते, अवेळी पेट घेत नाही आणि वाफ होताना इंजिनातली हवा थंड करते. म्हणून ताकद वाढते. पण ती वाढते त्यासाठीच बांधलेल्या इंजिनात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते पाणी ओढून घेते. २०२५ साली देशभर २० टक्के मिश्रण आले. जुन्या बेताच्या मोटारसायकलीचा पल्ला अशा पेट्रोलवर ३ ते ४ टक्क्यांनी घटतो, हे निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिले आहे. ती मोटारसायकल आपलीच आहे. ब्राझीलमध्ये २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत आणि पंपावर काय भरायचे ते गिऱ्हाईक ठरवते. आपल्याकडे ठरवते सरकार.

शेतकऱ्याचेही तेच ठरवते. इथेनॉलचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्या तीन जागांपैकी एक आपल्या शेजारचे मनमाड. पुढे बावीस वर्षे ‘इथेनॉल काढा’ असा घोष झाला, कारखान्यांनी कर्ज काढून यंत्रे बसवली. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी एका हुकुमाने उसाच्या रसापासून इथेनॉल काढणे बंद! का, तर साखर महागेल. आठवड्यात हुकूम थोडा सैल झाला, पण लगाम कोणाच्या हातात आहे ते कळले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क असेच माफ झाले, ते गिरण्यांसाठी. दोन्ही वेळी कोणाच्या तरी सोयीसाठी शेतकऱ्याचा भाव कापला गेला.

आता कोरडवाहूचा हिशेब. उसाची जागा मक्याने घेतली. २०२४-२५ च्या हंगामात मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. क्विंटलमागे सुमारे ३८ लिटर, म्हणजे सुमारे २७३० रुपये. ज्वारीचा उतारा जवळपास तेवढाच, आणि ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९. म्हणजे चांगली ज्वारी भट्टीत घालणे आतबट्ट्याचे. दादर भाकरीसाठीच राहू द्या. पण परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी खरेदी केंद्रावर दर्जात बसत नाही आणि व्यापारी मागेल त्या भावाने जाते. २०१८ च्या धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉल काढायला परवानगी दिली आहे. त्या मालाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर व्यापाऱ्याला भाव वाढवावाच लागेल. फलटणच्या निंबकर संस्थेने तर गोड ज्वारीवर काम करून दाखवले. कणीस घरात, ताटाचा रस भट्टीत.

कापूसवाल्यांनी एक धोका ओळखावा. मक्यातून इथेनॉल निघाल्यावर उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून बाजारात येतो आणि पेंडीचे भाव दाबतो. सरकीची ढेप त्याच गोठ्यात विकायची आहे. क्विंटलभर कापसात साठ किलोच्या वर सरकी असते. ढेप पडली की सरकी पडते, आणि सरकी पडली की जिनिंगवाला आपला भाव तोडतो. इथेनॉलचा जयजयकार करताना हेही ध्यानात ठेवा.

राहिली पऱ्हाटी. पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना घातला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याचे उद्घाटन झाले. काडीतून इथेनॉल काढणे आजही महाग पडते, हे खरे. पण चिपाडावर शर्यत धावू शकते तर पऱ्हाटी कायम बांधावर जळावी असे कुठे लिहिले आहे? तिला दाम आला तर वावर वेळेवर मोकळे होईल आणि गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडेल.

म्हणून जिल्हा बैठकीत मागणी एवढीच. अनुदान नको, ‘ऊर्जादाता’ ही पदवीही नको. रातोरात बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार काढा. काळ्या ज्वारीची आणि पऱ्हाटीची खरेदी-प्रक्रिया कोणालाही करू द्या. पंपावर गिऱ्हाइकाला निवड द्या. आमचा माल टाकीत जायचा की ताटात, ते भाव ठरवील.

गाडी कोणाचीही असो, इंधन पिकवणाऱ्याला घामाचे दाम मिळालेच पाहिजे.