छावणीबाहेरची लिट्टी, गावचा रोडगा

माझे मामा जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातून मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावच्या सेंटरमधून पहिल्या सुट्टीला आले ते कुंदा घेऊन. पुढं लडाखात थुक्पा खाल्ला, पण जीव अडकला बिहारातल्या दानापूरला. छावणीबाहेर एक बाई गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे गोळे भाजत होती. तिनं राख झटकली, गोळा हातानं फोडला, तुपात बुडवून दिला. मामा म्हणाले, ‘अगं माय, हा तर आपला रोडगा!’ फरक पोटातला. तिच्या त्या गोळ्यात, म्हणजे लिट्टीत, सत्तू (फुटाण्यांचं पीठ), लसूण, ओवा आणि लोणच्याचा मसाला. आपला रोडगा नुसत्या कणकेच्या पदरांचा, त्याला वरण आणि वांग्याची भाजी लागते. वांगं तिकडंही होतंच, निखाऱ्यावर भाजून कुस्करलेलं. त्याला ते चोखा म्हणतात. तिथून जवळच्याच भोजपुरी मुलखातली माणसं १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून त्रिनिदादला उसाच्या मळ्यांत गेली, आणि सातासमुद्रापार त्या बेटावर आजही भाजल्या वांग्याला चोखाच म्हणतात. तिथं रस्त्यावर दोन मऊ ‘बारां’वर छोल्यांची भाजी घालून ‘डबल्स’ विकतात. बारा म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊबंद. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांनी एवढं जपलं, याचं मला फार मोल वाटतं. मामा आता निवृत्त आहेत. परवा शेतात रोडग्याचं जेवण होतं, तेव्हा मामींनी फुटाणे दळून, लसूण ठेचून चार रोडग्यांत भरले. ते चार आधी संपले.